तीन ते चार

आत्यानं फोन उचलून 'हॅलो' म्हटलं असं कधी झालं नाही. "सलाम. किती वाजले तुझ्याकडे?" हे तिचं पहिलं वाक्य. जळगावात एक वेळ आणि पाचोऱ्यात दुसरी असावी, असा थाट. मी वैतागून म्हणायचे, "आत्या, तुझ्याकडे वाजलेत तेवढेच." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "सांग तरी. घड्याळ बघितल्याशिवाय माणूस शुद्धीवर येत नाही." चर्चच्या मंडळीत तिला सगळे तासवाली आत्या म्हणत. तिचं नाव मार्था आहे, हे नव्या लोकांना ठाऊकही नसायचं.

चोपड्याकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात तिनं उभा जन्म बाळंतपणं केली. स्वतः लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर जळगावात मेहरूणला आमच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली, ती एक ट्रंक, एक भिंतीवरचं घड्याळ आणि साखळी प्रार्थना घेऊन. साखळी आमच्या लोकांत जुनीच. मंडळीत कुणी अत्यवस्थ झालं की दिवसाचे तास वाटून घ्यायचे, प्रत्येकानं एकेक तास त्या माणसासाठी प्रार्थनेला बसायचं आणि तास भरला की पुढच्याला फोन करायचा. आत्यानं त्यात वॉर्डातला नियम घुसवला. "रिलीव्हर आल्याशिवाय ड्यूटी सोडायची नाही." पुढच्यानं फोन उचलून "घेतला" म्हटल्याशिवाय आपण उठायचं नाही. त्यानं नाहीच उचलला, तर आमेन न म्हणता तिथंच बसून राहायचं.

दहा वर्षांची असताना मी पहिल्यांदा तास घेतला आणि चांगलीच अडकले. माझ्यानंतर पाचोऱ्याच्या मावशींचा तास होता, त्या जेवून गाढ झोपलेल्या. देवाला सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं ते दहा मिनिटांतच संपलं होतं. दुसऱ्या तासाला मी डोळे मिटून पाढे म्हणायला लागले. एकोणीसच्या पाढ्यावर आत्यानं पकडलं. मला वाटलं, आता बसतोय धपाटा. ती म्हणाली, "चालेल. फक्त उठू नको." मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता.

आता आमच्या घरातलं दुखणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आत्याला दोन धाकटे भाऊ. माझे पप्पा, शमुवेल, जळगावला. आणि मनोहरकाका, धुळ्याला, मोटारींचं गॅरेज चालवणारा. आजी गेली त्या दिवशी काका बसनं निघाला आणि बस एरंडोलच्या अलीकडे बंद पडली. त्यानं पप्पांना फोन केला, "येतोय. थांब." पप्पा "बघतो" म्हणाले. ऊन तापलेलं होतं, पाळकांना दुसरीकडे लग्न लावायचं होतं, माणसं चुळबुळत होती. पप्पा पाव तास थांबले आणि पेटी खाली सोडायला सांगितली. काकानं स्वतः बोनेट उघडून बस चालू केली होती. तो पोचला तेव्हा मातीचा ढीग रचून झाला होता. हाताला ऑइल तसंच. तो ढिगाजवळ बसला, पप्पांकडे बघून एवढंच म्हणाला, "मी थांब म्हटलं होतं." त्यानंतर नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत.

आत्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून दोघंही तिच्यावर खार खाऊन. एकदा मीच खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शमूनं ड्यूटी लवकर सोडली." आणि लगेच, "मनोहरही काही कमी नाही. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही त्याचा." कठीण प्रसंगात ती एकदम आमच्या गावाकडच्या बोलीवर यायची. म्हणायची, "बठ्ठं देवना हातमा शे." सगळं देवाच्या हातात. मला या वाक्याची चीड होती. सगळं त्याच्याच हातात, तर आम्ही तासन्तास कशाला बसायचं?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत पप्पांना बेड मिळाला तो धुळ्याला. आई तापानं फणफणलेली, आतल्या खोलीत, दार बंद. दवाखान्यात नातेवाइकांना आत सोडत नव्हते. रोज सकाळी वॉर्डातली सिस्टर फोन करून ऑक्सिजनचा आकडा सांगायची. अठ्ठ्याऐंशी. पंच्याऐंशी. आकड्यांचा अर्थ आमच्या घरात फक्त आत्याला कळत होता, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. तिला गदागदा हलवून विचारावंसं वाटायचं, माझा बाप जगणार का ते सांग.

आठव्या दिवशी तिनं साखळी लावली. दुपारी दोन ते तीन ती स्वतः. चार ते पाच मी. मधला तास कुणाचा, विचारलं, तर म्हणाली, "मनोहरचा. सकाळीच सांगितलं त्याला."

"काय म्हणाला?"

"काही नाही. फोन ठेवला."

माझा तोल गेला. म्हटलं, "दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो तो. आठ दिवसांत साधी चौकशी नाही केली. आणि तो प्रार्थनेला बसणार?"

"नाही बसला तर मी बसलेली आहेच," ती म्हणाली आणि घड्याळाखालच्या खुर्चीत जाऊन बसली.

बरोबर तीनला तिनं काकाला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. तिनं पुन्हा डोळे मिटले. तीन दहाला माझा फोन वाजला. दवाखान्यातून. ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तरवर आला होता, व्हेंटिलेटरची तयारी चालली होती. मी ते आत्याला सांगितलं तेव्हा माझा आवाज फाटला होता. "आत्या, सोड त्याला. तो नाही येणार. तो तास मी घेते, दे."

"तुझा चारला," ती डोळे न उघडता म्हणाली.   तीन वीसला पुन्हा रिंग. नाही. त्या क्षणी मी काकाला मनातल्या मनात जे शिव्याशाप दिले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

साडेतीनला त्यानं उचलला. फोन स्पीकरवर होता. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. आत्या म्हणाली, "मनोहर, मी आठेच शे." मी इथंच आहे, एवढंच. जाब नाही विचारला, ओरडली नाही.  मग काकाचा आवाज आला. "अक्का, मी दवाखान्याच्या गेटवर आहे. दोनपासून. वॉचमन आत सोडत नाही. त्याच्याशीच हुज्जत चालली होती."

"मग तिथंच कर. घेतलास का?"

"घेतला," काका म्हणाला.

तेव्हा कुठे आत्या खुर्चीतून उठली. मोरीत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

माझा फोन वाजला तेव्हा साडेचार होऊन गेले होते. नऊ वर्षांनी काकाचा नंबर. "पोरी, माझं झालं. तू घेतला म्हण."

"घेतला. काका, केलंस काय तासभर?"

"पहिला अर्धा तास भांडलो. देवाशी, तुझ्या बापाशी, दोघांशी. मग एक चिठ्ठी लिहून आत पाठवली." चिठ्ठीत काय लिहिलं होतं तेही त्यानं सांगितलं. 'मनोहर आलाय. थांब.' हे सांगता सांगता तो रडायला लागला, आणि मी ज्याला तासाभरापूर्वी शिव्या घातल्या होत्या त्याच्याबरोबर मीही रडले.

सिस्टरनं ती चिठ्ठी पप्पांना वाचून दाखवली म्हणे. त्यांना ऐकू गेली की नाही, ते कुणाला कळणार. काका दुसऱ्या दिवशीही गेटवरच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पप्पा गेले.

आईला उठवत नव्हतं. आत्या आणि मी गाडी करून निघालो. दफन महापालिकेची माणसं करणार होती, दवाखान्यातून थेट. त्यांना त्या दिवशी असे कितीतरी फेरे होते, ते कशाला कुणासाठी थांबतील? पारोळ्याच्या नाक्यावर आमचा प्रवासाचा पास तपासायला तासभर गेला. मी पोलिसासमोर हात जोडले. आत्या मागच्या सीटवर ताठ बसून होती. तिनं काकाला फोन लावला आणि तशा वेळीही विचारलं, "किती वाजले तुझ्याकडे?" तिला विचारायचं होतं ते वेगळंच, हे मला कळलं. काकालाही कळलं असावं. तो म्हणाला, "अक्का, तू ये. मी आठेच शे."

आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. प्लास्टिकचे पोशाख घातलेली चार माणसं कडुलिंबाखाली घामानं निथळत बसली होती. खड्डा उघडा होता. काका खड्ड्याच्या तोंडाशी भर उन्हात उभा होता, पेटीवर हात ठेवून. त्यांच्यातला एक जण मला नंतर म्हणाला, "ताई, दोन तास झाले, हलायला तयार नाही. आम्ही रागावून बघितलं, समजावून बघितलं. म्हणतो, माझ्या आईची माती मला मिळाली नाही, पण अक्काला तिच्या भावाची मिळेल."

आत्या चालत त्याच्याजवळ गेली. अंतर ठेवायचे दिवस होते ते, पण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता ती गळ्यात पडून रडेल. ती म्हणाली, "घेतला. जा, सावलीत बस. पाणी पी." काकानं पेटीवरचा हात काढला आणि तिथंच मट्कन खाली बसला. मग पेटी खाली सोडली आणि आम्ही तिघांनी मूठमाती दिली, आधी काकानं.

तासाभराच्या प्रार्थनेनं ऑक्सिजन वाढतो, असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. पप्पा वाचले नाहीत, याचा राग मी गिळलेला नाही. पण आत्या त्या खुर्चीत अर्धा तास जास्त बसली नसती, तर काकानं धुळ्यात कुणाला थांबवून धरलं असतं का, हे मी स्वतःला विचारते. तिला एकदा तसं म्हणालेसुद्धा. "उगाच मोठं करू नको," म्हणाली. "नोकरीत सवय होती." तोवर काका दर रविवारी जळगावला यायला लागला होता आणि तीन ते चार हा तास त्याचा कायमचा झाला होता.

आत्या गेल्या वर्षी गेली, मूत्रपिंडांच्या आजारानं, घरीच. शेवटचे पंधरा दिवस काका तिच्या उशाशी होता. दफनाला अख्खी मंडळी लोटली. तिनं बाळंतपण केलेल्या बायका चोपड्याहून आल्या, आता स्वतः आज्या झालेल्या. पाळकांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, सुरू करू का म्हणून. काका फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मी त्याला बोलवायला गेले.

"अजून कुणी यायचंय?" त्यानं विचारलं.

"नाही काका. सगळे आले."

"बठ्ठे?"

"बठ्ठे."

तो रस्त्याकडेच बघत राहिला. रस्ता रिकामा होता.

"तरी पाच मिनिटं थांबू," काका म्हणाला.

पाळकांनी हातातलं पुस्तक मिटलं, आणि आम्ही सगळे थांबलो.