मांडीवरचं पुस्तक

तंजावूरच्या टाऊन बसमध्ये उभ्या माणसाचं सामान बसलेल्यानं मांडीवर घ्यायचं, अशी रीतच आहे. माझं कायद्याचं जाडजूड पुस्तक रोज एक बाई घ्यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. इतरांच्या डब्या-पिशव्यांवर ते ठेवून त्या वरून तळहात दाबून धरत, जणू वाऱ्यानं उडून जाईल. एकदा मला आईशी फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं, तेव्हापासून माझ्याशी आमच्या तंजावुरी मराठीत बोलत.

घरातली पहिली पदवीधर मी. बीएस्सी झाल्यावर बाबांनी न कुरकुरता एलएलबीला घातलं. पण रसायनशास्त्रात उत्तर एकच यायचं. इथे मला दोन्ही बाजूंचे वकील बरोबर वाटायचे. वर्गात तोंड उघडवेना. शेवटी घरी न सांगता एका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी मुलाखत ठरवली.

त्या दिवशी कॉलेजचा थांबा आला तसं बाईंनी पुस्तक पुढे केलं.

"उतर गे, काय बघतेस?"

"आज पुढे जायचंय, अक्का. नोकरी बघायला."

"मग हा धोंडा कशाला आणलास? माझी मांडी मोडायला?"

शेजारची बाई हसली. सकाळी मुलाखतीचे कागद घेताना पुस्तकही मी आपसूक उचललं होतं. कंडक्टरनं शिट्टी तोंडाला लावली. मी पुस्तक घेतलं आणि उतरले.

बस सुटताना खिडकीत पाहिलं. बाईंच्या मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी पिशवी आली होती.