घोडे, तारा आणि वकीलकाकू

‘तुमच्या म्हणण्याची नोंद घेतली आहे,’ असं कोणी म्हटलं की वकीलकाकूंचा आवाज एकदम खाली यायचा. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

काकू मूळच्या नागपूरच्या. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या छोट्या गावात त्यांनी आयुष्यभर सॉलिसिटर म्हणून काम केलं. पुण्याहून नोकरीसाठी आल्यावर मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. त्या जाऊन दोन वर्षं झाली, पण कौन्सिलवरचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेवरचा, माझा राग काही जात नाही.

आमच्या समुद्रालगतच्या रस्त्यावर तेव्हा अजून घोड्यांची ट्राम चालायची. कौन्सिलने ती विजेवर न्यायचं परस्पर ठरवलं. घरांपुढे खांब येणार, खिडक्यांसमोरून तारा जाणार. रहिवाशांना हे कळलं ते दारात पडलेल्या पत्रकातून!

मी विचारलं, “काकू, तुम्हाला घोडेच हवेत का?”

“काहून? त्या बिचाऱ्यांना केव्हाच रिटायर करायला हवं होतं. पण माझ्या दारात खांब रोवताय, तर आधी दार वाजवा ना!”

ट्रामसाठी कौन्सिलला मिळालेल्या जुन्या परवानगीत ती घोड्यांनीच ओढायची, असं होतं. दुसरं काही लावायचं तर त्या रस्त्यावरच्या रहिवाशांना विचारणं बंधनकारक होतं. काकूंनी शेजाऱ्यांना एकत्र केलं आणि कौन्सिलला कोर्टात खेचलं. एका नगरसेवकाने भर सभेत ऐकवलं, “बाहेरून आलेल्यांनी आमचा वारसा शिकवू नये.” काकू त्या रस्त्यावर पस्तीस वर्षं राहत होत्या!

कोर्टात तर कहर झाला. कौन्सिलच्या वकिलाने त्यांना विचारलं, “तुम्ही दुभाषी का?”

“हो,” काकू म्हणाल्या, “तुमच्या कौन्सिलला कायदा समजावून सांगायला आलेय.”

हा बदल म्हणजे नुसती दुरुस्ती, असा त्या वकिलाचा दावा होता. काकू शांतपणे म्हणाल्या, “घोड्याच्या जागी दुसरा घोडा आणला, तर दुरुस्ती. घोडा काढून तारा ओढल्या, तर ती वेगळीच गाडी झाली.” न्यायाधीशांना ते पटलं. लोकांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नका, असा निकाल लागला.

मग कौन्सिलला दारोदार फिरावं लागलं. खांब थोडे बाजूला सरकले आणि बहुतेकांनी विजेला होकार दिला. काकूंनीसुद्धा.

उद्घाटनाला त्यांना साधं बोलावणंही नव्हतं. मी चिडले होते, पण काकू ठेवणीतली साडी नेसून, वर कोट चढवून निघाल्या. मंडपात आम्ही मागे उभ्या राहिलो. तोच नगरसेवक माइकवरून सांगत होता, “आम्ही नेहमीच लोकांना विचारून पुढे जातो.”

काकूंनी हात वर केला आणि त्या खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, “अहो, तुम्ही कुठे विचारलंत? आम्ही विचारायला लावलं.”

मंडपातल्या सगळ्या माना मागे वळल्या. नगरसेवकाने घसा खाकरून भाषण पुढे रेटलं, पण त्याच्याकडे लक्ष कोणाचं होतं? पुढच्या रांगेतले लोक उठून काकूंना बसायला जागा करून देत होते.