चला की, राहिलंच किती

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. वडिलांचं जळकोटला हायवेवर पंक्चरचं दुकान. मी बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी हवा भरायला थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही पेढे वाटले. मला माझ्या शिक्षणाचा गर्व होता, अजूनही आहे. पुढं जे झालं त्यात त्या गर्वाचा मोठा वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

धाराशिवला एका संस्थेत मला हेल्थ कोचची नोकरी लागली. शुगर असलेल्या, बसून काम करणाऱ्या चाळीस बायका माझ्याकडे होत्या. त्यांच्या मनगटाला पावलं मोजणारा पट्टा बांधायचा आणि दर आठवड्याला फोन करून त्यांना चालायला लावायचं, एवढंच काम. पट्ट्यावरचा आकडा माझ्या मोबाईलवर दिसायचा. जी चालली तिचं नाव हिरवं, जी बसून राहिली तिचं लाल. आईच्या वयाच्या बायका मला मॅडम म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्यात ब्लाऊज शिवणाऱ्या एक मावशी होत्या. पन्नाशी ओलांडलेली, नवरा वारलेला, एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळी मशीनवर बसल्या की दिवेलागणीलाच उठायच्या. मशीनला मोटर बसवल्यापासून पायही मारावा लागत नव्हता. त्यांचं नाव सहा आठवडे लाल होतं.

"मावशी, दिवसाला हजार पावलं तरी टाका," मी फोनवर म्हणायचे.

"मॅडम, बिनकामाचं रस्त्यानं कसं हिंडू? कोपऱ्यापतूर गेलं की चौघी इचारतेत, कुठं निघालाव? काय सांगू, पट्ट्याला फिरवून आणायलेय म्हणू?"

बोलायला फार गोड बाई. एकदा म्हणाल्या, "माज्या पायाला कायबी कळत न्हाय बगा. परवा एक चप्पल रिक्षातच राहिली. घरात आल्यावर लेक म्हणली, आई, दुसरी कुठंय?"

मी मोठ्यानं हसले. "मग चाला की जरा, पाय मोकळे होतील," म्हणाले.

शुगरमध्ये पाय बधिर होतात, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

दर महिन्याच्या मीटिंगला साहेब लाल नावं मोठ्यानं वाचायचे. एका मीटिंगहून परत येताना मला ती युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी मावशींना फोन लावला.

"मावशी, लेकीसाठी देवीला काय बोललाव का न्हाय?"

"मनातल्या मनात रोजच बोलतेय की."

"मग बाळंतपणाच्या आधीच तुळजापूरला पायी येते म्हणा. लेक सुखरूप मोकळी होऊ दे म्हणावं."

मग म्हणाल्या, "पायी म्हंजी अनवाणी जावं लागतंय, मॅडम."

"जावा की अनवाणी. लई जण जातात."

तिसऱ्या दिवसापासून त्यांचं नाव हिरवं झालं. पायांना सवय व्हावी म्हणून त्या पहाटे तुळजापूर रोडनं अनवाणी चालायला लागल्या. आता कुणी कुठं निघालाव विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर होतं. मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. शहरातनं आलेल्या कार्यक्रमाला आपली माणसं कशी ओळखायची हे मीच शिकवतेय, अशा आवाजात सांगितलं. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "ही आयडिया कागदावर लिहून द्या, सगळ्यांना पाठवू." मी दोन पानं लिहून दिली आणि खाली पदवीसकट नाव टाकलं.

चैत्रातल्या एका मंगळवारी त्या निघाल्या. तुळजापूर वीस-बावीस किलोमीटर. मी ऑफिसात बसून आकडा वाढताना बघत होते. त्यांच्या मोबाईलवर टाळ्यांची चित्रं पाठवत होते. ऊन तापलं. अकराच्या सुमाराला आकडा थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी फोन केला.

"का थांबलाव, मावशी?"

"मागनं एक बाई यायली हुती. ती म्हणली, तुमच्या पायातनं रगत यायलंय. बसून बगितलं तर खरंच की."

"दुखतंय का?"

"न्हाय, दुखत कायच न्हाय."

तिथं मला कळायला पाहिजे होतं. ऊन एवढं, डांबर एवढं तापलेलं, पायातून रक्त, आणि बाई म्हणते दुखत नाही. मी समोर बघितलं, आकडा तीस हजाराला थोडाच कमी होता.

"मग चला की," मी म्हणाले, "राहिलंच किती."

त्या उठल्या. मी स्क्रीनवर बघितलं, आकडा परत हलायला लागला.

पुढच्या सोमवारी त्यांचं नाव लाल होतं. फोडांवर हळद लावलीय म्हणाल्या. मी आराम करा म्हणाले आणि पुढच्या नावावर गेले. त्यानंतरच्या आठवड्यात फोन लेकीनं उचलला. "या आठवड्यात पावलं कमी दिसतायत" असं मी सुरू केलं, तोच ती म्हणाली, "मॅडम, आई सोलापूरला ॲडमिट आहे. डाव्या पायाची दोन बोटं काढली."

मी फोन ठेवला आणि मावशींचा पहिल्या दिवशीचा फॉर्म उघडला. पायाला बधिरपणा आहे का? त्यापुढं "नाही" वर खूण होती, माझ्या हातची. पट्टे वाटायच्या शिबिरात गर्दी होती, फॉर्म उरकायचे होते. तो प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता. त्यांनाच काय, चाळीसपैकी एकीलाही विचारला नव्हता.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पायावर चादर. लेकीला नववा लागलेला. त्या अवस्थेत तिनं आईसाठी सोलापूरच्या दवाखान्यात आठ दिवस काढले होते.

"मॅडम आल्यात, चहा टाक गं," मावशी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "डॉक्टर लई वरडला. तुमचे पाय कुणी तपासले न्हाईत का म्हणला. म्या म्हणलं, आमच्या मॅडमनी समदं इचारून फॉर्म भरलाय. म्याच सांगाय इसरले आसंन."

मी चहा प्याले. कप खाली ठेवला, काळजी घ्या म्हणाले आणि निघाले. एवढं शिकून खरं काय ते तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन उरलेल्या एकोणचाळीस जणींना फोन केले आणि तो एकच प्रश्न विचारला. सात जणी हो म्हणाल्या. त्यांना दवाखान्यात पाय दाखवायला पाठवलं. साहेबांना सांगितलं की माझी ती दोन पानं मागं घ्या, आणि का ते फॉर्म समोर ठेवून सांगितलं. त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "बाहेर कुठं बोलू नका."

संध्याकाळी परत मावशींकडे गेले. दारातूनच सुरुवात केली, कारण आत बसले असते तर परत चहा झाला असता.

"मावशी, तुम्ही काय विसरला न्हाईत. मीच विचारलं नव्हतं. न विचारताच नाही लिहिलं."

लेक दोरीवरचे कपडे काढत होती, ती थांबली.

"आन त्या दिवशी रस्त्यात?" तिनं विचारलं. "रगत आल्यालं सांगितलं तवा?"

"तेव्हाही मीच चला म्हणाले."

लेकीनं फळीवरचा पावलं मोजायचा पट्टा काढून माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता जा म्हणेल. पण ती म्हणाली, "ड्रेसिंगवाली नर्स आज आली न्हाय. मला खाली बसता येत न्हाय. तुमी करा."

मी जमिनीवर बसले. मावशींनी चादर बाजूला केली. तीन महिने मी त्या पायांचं पाऊल न् पाऊल मोजलं होतं, पण पाय कधी बघितला नव्हता. मी पट्टी सोडायला लागले. वर बघायची हिंमत झाली नाही.

"दुखलं तर सांगा," मी म्हणाले. ते शब्द तोंडातून गेले आणि जीव लाजेनं मेला.

"हळू कर," मावशी म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या नाहीत.