रशीदाआपा बाजूच्या सीटवर

ओमानमधल्या आमच्या सोहार शहरात गाडीचा विमा काढायला चार-पाच दुकानं आहेत आणि एक रशीदाआपा आहे. दुकानात कागद दिले की थोड्या वेळात पॉलिसी हातात पडते, वर एखादं कॅलेंडरही मिळतं. आपाकडे मात्र कागदांबरोबर गाडीही न्यावी लागते. चालवणारा कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी असेल, तर आपा पर्स उचलते, काउंटरवर आपल्या भाचीला, नूरैनला बसवते आणि म्हणते, "चला, चहा पिऊन येऊ." ज्यांना ठाऊक नसतं त्यांना वाटतं, किती प्रेमळ बाई आहे! ज्यांना ठाऊक असतं ते आधी सीटबेल्ट तपासतात.

त्याचं असं आहे. आपा ज्या कंपनीचं काम करते, ती विद्यार्थ्यांना विम्यात सवलत देते. कॉलेजचं पत्र लागतं, ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो आणि एजंटची शिफारस लागते. बाकीचे एजंट शिफारस म्हणून मान वर न करता शिक्का मारतात. आपा मारत नाही. आपा आधी बाजूच्या सीटवर बसते.

हायवेलगतच्या रस्त्यावर मल्याळी माणसाची करक, म्हणजे कडक दुधाळ चहाची टपरी आहे. इथे चहासाठी कोणी गाडीतून उतरत नाही. टपरीसमोर थांबून हॉर्न दिला की कप खिडकीशी येतो. आपा कपाचं झाकण काढून परत देते, काठोकाठ भरून घेते, कप मांडीजवळ धरते आणि अरबीत चल म्हणावं तसं म्हणते, "यल्ला." मग दोन राउंडअबाउट, शाळेपुढचा गतिरोधक, भाजीबाजाराची गल्ली आणि परत. आपाच्या पायघोळ अबायावर चहा सांडला की परीक्षा खलास. "महिन्याने ये रे बाळा," असं म्हणून ती टिश्यूने अबाया पुसत उतरते. तिच्याकडे सगळे अबाया काळेच का, हे मला फार उशिरा कळलं.

आपा मूळची दाभोळची. नवरा जैनुद्दीन टायरच्या धंद्यात, म्हणून लग्नानंतर ती इथे आली. मुलं मोठी झाल्यावर हिने विम्याचं काम धरलं. स्वतः लायसन्ससाठी पोलिसांच्या परीक्षेला बसली तेव्हा मैदानात मांडलेल्या ड्रमांच्या मधून गाडी मागे घेण्यात ती इतक्या वेळा नापास झाली, की मैदानावरचे पोलीस तिला लांबून ओळखायला लागले. दुसरी कोणी असती तर हे लपवलं असतं. आपा हे गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगते आणि स्वतःच खदाखदा हसते.

लोकांची समजूत अशी, की हिच्या घरात कधीतरी मोठा अपघात झाला असणार, त्याशिवाय बाई एवढी कडक कशाला होईल? मलाही तसंच वाटायचं. एकदा मी भीतभीत विचारलं. तर म्हणाली, "काय झाला नाय, वसुंधराताई. कायतरी व्हायलाच पायजे काय? नाय झाला, तो तसाच राहू दे म्हनून तर बसतंय." मला माझाच राग आला. शहाणपणासाठी माणसाच्या पदरी दुःख असावंच लागतं, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

अशा या आपाकडे माझा नवरा धनंजय आमच्या मुलीच्या, पूर्वाच्या गाडीचं काम घेऊन गेला. धनंजय सोहार औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स इंजिनियर आहे. इतकी वर्षं ओमानमध्ये गाडी चालवतोय, पण एकदाही क्लेम केलेला नाही, आणि हे तो पाहुण्यांना अशा आवाजात सांगतो की लोक मुलाचा बोर्डातला नंबरसुद्धा इतक्या आवाजात सांगत नाहीत. त्याच्या विम्याला त्यामुळे भरपूर सवलत आहे. त्याचा बेत सोपा होता. पूर्वासाठी छोटी गाडी घ्यायची, पण नाव त्याचं, ड्रायव्हर म्हणूनही त्याचंच नाव. इथे आमच्या घरी सगळंच बापाच्या नावावर असतं. व्हिसा त्याच्यामुळे, घर त्याच्या नावावर, फोन त्याच्या नावावर. मग गाडी का नको? आमच्या ओळखीत निम्म्या घरांत हेच चालतं आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नाही.

"पूर्वा कधीमधी घेईल," तो आपाला म्हणाला. हे कधीमधी म्हणजे रविवार ते गुरुवार, कॉलेजच्या प्रत्येक दिवशी.

आपाने कागद परत त्याच्यापुढे सरकवले. "भाऊ, चालवनार पोरगी ना? मग पोरीचा नाव. उद्या कोनी ठोकला आनि कंपनीने विचारला, कोन चालवत होता, तर मी काय सांगू? आनि तुम्ही रिटायर होऊन मुलुखात गेलात, तर हिच्याकडे काय ऱ्हायला? एवढी वर्षं चालवून पन कंपनीला ही नवीच."

"पण तिच्या नावावर विमा महाग पडतो, आपा."

"म्हनून तर सवलत हाय. तिला घेऊन या. चहा पिऊ."

धनंजय घरी आला तो फणफणतच. दुसऱ्या दुकानात जातो म्हणाला. मी म्हटलं, खोटं लिहून मुलीच्या हातात गाडी द्यायची असेल तर त्या गाडीत मी बसणार नाही. त्यावर साहेबांनी मोठा निर्णय जाहीर केला. आपाने शिफारस दिली तर पूर्वा इथल्या कॉलेजात राहील. नाही दिली तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर इथलं कॉलेज नाही. आम्ही राहतो त्या फलज भागात कॉलेजची बस येत नाही, ह्याची शिफ्ट बदलती, मला गाडी येत नाही. तेव्हा पूर्वाने कराडला आत्याकडे राहून शिकायचं.

पूर्वा इथेच जन्मली. कराडला ती सुट्टीत जाते आणि सगळे तिच्या मराठीला हसतात. इथल्या कॉलेजात तिला हवा तो विषय मिळाला होता, तिच्या मैत्रिणी इथे होत्या. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "ओके बाबा. पण फेअर टेस्ट हवी." मला धनंजयचा संताप आला होता, पण एक गोष्ट मला दिसत होती. पैशाचं नुसतं निमित्त होतं. ही आपली पोरगी त्या हायवेवर ट्रेलरांच्या मधून जाणार, या विचाराने त्याची झोप उडाली होती, आणि हे कबूल करण्यापेक्षा त्याला महागाईवर बोलणं सोपं जात होतं.

पहिल्या फेरीला धनंजयचीच गाडी नेली आणि मी मागे बसले. लायसन्स मिळाल्यावर पूर्वाला हायवेचा सराव धनंजयनेच दिला होता, त्यामुळे माझी तशी खात्री होती. पहिल्या राउंडअबाउटवर अर्धा कप आपाच्या मांडीवर गेला. गतिरोधकावर उरलेला. भाजीबाजारापर्यंत रिकामा कप हातात धरून आपा बसली होती, आणि पूर्वाचे कान लाल झाले होते.

आपाच्या दुकानापाशी आल्यावर आपा उतरली नाही. "चालवते चांगली," ती म्हणाली. "नजर हाय, हात हाय. पन ही गाडी तू नाय चालवत बाय. भाऊ चालवतायत. रस्ता मोकळा, तरी तू ब्रेक मारलास. का मारलास?"

पूर्वाने गाडी बंद केली. मग म्हणाली, "आंटी, बाबा नेहमी ब्रेक, ब्रेक असं ओरडतात. आता ते नसले तरी मला ऐकू येतं."

आपाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून औषध सांगितल्यासारखं सांगितलं, "महिनाभर भाऊंना हिच्या गाडीत बसवू नका. तुम्ही बसा."

"अहो, पण मला चालवता कुठे येतं?"

"म्हनूनच बसा."

तो महिना आमच्या घरात फार मजेचा गेला. धनंजयची जुनी गाडी घेऊन आम्ही मायलेकी सकाळी निघायचो. मी मांडीवर परात घेऊन मेथी निवडायचे आणि तोंडाने बिल्डिंगमधल्या बायकांची सगळी बातमीपत्रं वाचायचे. रस्त्याकडे मी बघायचेच नाही. सुरुवातीला पूर्वा दर वळणावर माझ्या तोंडाकडे बघायची. मी देठ मोडत असायचे. मग तिने बघणं सोडलं. हळूहळू गाडीचा तिचा असा एक वेग झाला, आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं की परातीतला पाला जागचा हलत नाहीये. धनंजय संध्याकाळी गाडीभोवती फेरी मारून कुठे ओरखडा आहे का ते बघायचा आणि न सापडल्याने जास्तच चिडायचा.

दुसऱ्या फेरीला आपाने नवीनच टूम काढली. "आज भाऊंनी पन चहाला यायचा. मागे बसायचा, बोलायचा नाय."

"मी कशाला बोलतोय?" धनंजय म्हणाला. हे बोलतानाच त्याचा आवाज चढला होता.

आम्ही दोघं मागे, आपा पुढे, हातात भरलेला कप. पहिला राउंडअबाउट छान गेला. गतिरोधकावर चहा काठापर्यंत आला आणि परत शांत झाला. दुसऱ्या राउंडअबाउटमध्ये शिरतो न शिरतो तोच डावीकडून चाऱ्याने भरलेलं एक पिकअप आडवं घुसलं.

"ब्रेक! अगं ब्रेक मार!" धनंजय सीटवरून अर्धा उठला.

पूर्वाने ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, पिकअपला जाऊ दिलं, गोल पूर्ण केला, इंडिकेटर देऊन बाहेर पडली आणि एका बंद दुकानापुढे गाडी व्यवस्थित उभी केली. मग मागे वळली. आवाज तिने जराही चढवला नाही.

"बाबा, तुम्ही इथे उतरा. मी राउंड पूर्ण करून तुम्हाला घ्यायला येते."

"इथे? उन्हात?"

"दुकानाला सावली आहे, बाबा."

आता फटाका फुटणार म्हणून मी डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या संसारात मी धनंजयला गाडीतून उतर असं कधी म्हणू शकले नव्हते, आणि देवाशपथ, इच्छा झाली नव्हती असं नाही. धनंजयने आपाकडे बघितलं. आपा खिडकीबाहेर बघत चहाचा घोट घेत होती. शेवटी दार उघडलं, तो उतरला आणि त्याने दार अगदी हळू लावलं.

उरलेली फेरी भाजीबाजाराच्या गल्लीतून पुरी झाली. परत त्या बंद दुकानापाशी येताना आपाने कप पूर्वाला दाखवला. "निम्मा मी प्याले, पन सांडला नाय. शिफारस देते. मात्र चहा सांडला नाय म्हनून नाय देत. बापाला उतरवलास म्हनून देते. उद्या गाडीत चार मैत्रिनी बसतील. एक म्हनेल जोरात घे, एक म्हनेल हितून घुसव. कॉलेजची पोरं गाडी येत नाय म्हनून नाय ठोकत. बाजूच्याचा ऐकून ठोकतात. तू आता कोनाला घाबरनार नाय."

धनंजय शटरच्या सावलीत घाम पुसत उभा होता. गाडी थांबल्यावर तो सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी आला. पूर्वाने काच खाली केली आणि मागच्या सीटकडे बोट दाखवलं. त्याने एक शेवटचा प्रयत्न केला. "आपा, अजून बघा. माझ्या नावावर केलीत तर माझा इतक्या वर्षांचा रेकॉर्ड आहे."

"भाऊ, तुमच्या बाजूला मी कधी बसले नाय," आपा म्हणाली. "बसू काय आज? चहा मागवू?"

धनंजय मागे येऊन बसला.

छोटी गाडी आली आणि पॉलिसी पूर्वाच्या नावाने झाली. पुढच्याच रविवारी कॉलेजचा पहिला दिवस होता. पूर्वाने देवाला नमस्कार केला, आमच्या पाया पडली आणि किल्ली घेऊन जिना उतरली. आम्ही दोघं गॅलरीत उभे राहिलो. ती गाडी मागे घेत असतानाच फाटकातून पाण्याचा टँकर आत शिरला. धनंजयने कठडा घट्ट धरला. त्याचा उजवा पाय फरशीवर जोरात दाबलेला मी बघितला, पण तोंडातून शब्द आला नाही. पूर्वा थांबली, टँकरला वाट दिली आणि मग सावकाश बाहेर पडली. रस्त्याच्या टोकाला इंडिकेटर लुकलुकला आणि गाडी वळली.

"गेली," धनंजय म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"कॉलेजला गेली," मी म्हटलं. "कराडला नाही."