आधी इथं कोण होतं

पाड्यावरच्या माझ्या माणसांनो,

निघायच्या सकाळी जीप सुरू झाली, तरी मी वेशीवरच्या वाघोबापाशी बसून होतो. थोरल्या वहिनीनं दटावलं, "उठा आता भावजी. देव कुठं पळून जात नाय, तुम्हीच चाललाय." बायका हसल्या. मला नाही आलं हसू.

आता जपानात, सेंदाईत, लेकाकडे. सुरेश इथल्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करतो. खिडकीतून डोंगर दिसतो, झाडी दिसते, पण शेतात फांद्या-पाला जाळून राब भाजल्याचा वास नाही. तो वास आला की आपल्याकडं भाताची तयारी. त्याच राबासाठी फांद्या तोडल्या म्हणून फॉरेस्टवाल्यानं माझ्या बापाला चोर म्हटलं, कोयता नेला. बाप म्हणायचा, "गोऱ्या सायबानं रान सरकारी केलं. पण आधी इथं कोण होतं, ते विचार त्याला."

सुरेशनं हे रियाला, माझ्या दहा वर्षांच्या नातीला, कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, "आम्ही मुंबईजवळचे." वारली हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. चौथी शिकलेला मी, पण मला ते सलायचं.

सुट्टीत होक्काइदोला गेलो. तिथल्या एका जुन्या फलकावरचं सुरेशनं वाचून दाखवलं, की दक्षिणेकडून लोक आले आणि ओसाड रान तोडून गावं वसवली.

"आधी इथं कोण होतं?"

"बाबा, चला ना. बस जाईल."

"जाऊ दे." मी बाकावर बसलो तो बसलोच.

शेवटी रियाच उठली. शेजारी लाकडी अस्वलं विकणाऱ्या म्हातारीला विचारलं. म्हातारीनं छातीवर हात ठेवला. "ऐनू."

रियानं मोडक्या मराठीत सांगितलं, "आजोबा, हे लोक आधी. नदी ह्यांची. मग ह्यांच्या आजोबांनी मासा पकडला, तर चोर म्हणाले."

"तिला सांग, माझ्या बापालाही म्हणाले." कोयत्याचं सगळं सांगून टाकलं.

रिया बापाकडे वळली. "पप्पा, आपणपण आधीचे?"

सुरेश म्हातारीसमोर वाकला आणि जपानीत बोलत राहिला. मला एकच शब्द कळला. वारली. दोनदा म्हणाला.

बस गेली.

तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं? वाघोबा तिथं आहे, तेच. पण आपण कोण हे जिथं दबकून सांगावं लागत नाही, तेही घरच म्हणायचं. सेंदाईची ही खोली त्या दिवसापासून थोडी तशी झाली.

पुढच्या सुट्टीत रियाला आणतोय. वाघोबापुढं तिची ओळख मी करून देणार नाही. तिचं ती सांगेल.