साकवावरचा हात

“तो हात पूस,” मी फिलूला बजावले.

“नाही पुसणार.”

फिलू ही भुईगावच्या पास्कलची, माझ्या अशिलाची, अकरा वर्षांची मुलगी. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी मी वसईच्या कोर्टात दिवाणी वकिली करीत होतो. तिला माझ्या ऑफिसात बसवून पास्कल बाजारात गेला होता. शाळेने ‘मला आवडलेला प्रवास’ या विषयावर देखावा करून आणायला सांगितले होते. वर्गातल्या मुलांनी गोवा, महाबळेश्वर निवडले. फिलू कुठेच गेलेली नव्हती. “मग घरापासून शाळेपर्यंतची वाट काढ,” असे मीच सुचवले. पुठ्ठ्याचे खोके, दाव्याचे कागद बांधायची लाल फीत आणि दावे टाइप करायचे जाड लेजर पेपरही दिले. तिने कागद चिकटवून लांब पट्टी केली आणि ती दोन काड्यांवर गुंडाळली. काडी फिरवली की खोक्याच्या खिडकीतून वाट सरकायची.

चित्रे उत्तम होती. रहाट, केळीची बाग, वाटेवरचा क्रूस. मध्ये शेजारी सांतानच्या वाडीतला पाण्याचा पाट, त्यावर माडाच्या खोडाचा साकव, आणि साकवावरून फिलूला हात धरून पलीकडे नेणारा सांतान.

हाच सांतान आमचा प्रतिवादी. बांधावरून भांडण झाले आणि त्याने कुंपण घालून ती वाट बंद केली. पास्कलच्या केळीचे घड तेव्हापासून डोक्यावरून, लांबच्या फेऱ्याने जात. मी सांतानला चार नोटिसा धाडल्या. मग दावा लावला.

दावा वहिवाटीच्या हक्काचा होता. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने ये-जा केली, की कायदा ती वाट मान्य करतो. परंतु मालकाने आपखुशीने जाऊ दिले असे दिसले, तर ती नुसती परवानगी ठरते आणि हक्क बुडतो. चित्रातला हात म्हणजे परवानगीचा रंगीत पुरावा होता.

“विरुद्ध पक्षाच्या वकिलाने हे पाहिले, तर तुझ्या बापाचा दावा गेला!”

“पण ते धरायचेच हात. रोज.”

“तू एकटी जात होतीस असे दाखव.”

“एकटी गेले असते तर पाटात पडले असते, काका.”

“निदान चित्रात कुंपण तरी दाखव!”

“विषय ‘मला आवडलेला प्रवास’ आहे. कुंपण मला आवडत नाही.”

विषयाच्या शब्दांवर इतके नेमके बोट ठेवणारे वकील आमच्या बाररूममध्ये फार नव्हते. माझा संताप उतरला नाही. पट्टी मात्र मी तिला तशीच गुंडाळू दिली.

शाळेच्या प्रदर्शनात सांतान आला, कारण त्याची नातही तिथेच शिकत होती. मी आणि पास्कल शेजारीच उभे होतो. सांतानने काडी फिरवली. साकव आला. तो थांबला, पट्टी मागे नेली, पुन्हा पुढे आणली.

“माझी मिशी एवढी मोठी आहे का गं?”

“आहे,” फिलू म्हणाली.

तो माझ्याकडे वळला. “वकीलसाहेब, तुमच्या चारही नोटिशींत मी आडमुठा आणि बेकायदेशीर. इथे बघा मी कसा आहे तो.”

“कुंपण काढा. शब्द मागे घेतो.”

“काढतो. पण पास्क्या, नीट ऐक. वाट माझी. जायचं ते माझ्या परवानगीनं.”

“माझी सक्त हरकत आहे!” मी उसळलो. “परवानगी नव्हे, हक्क—”

पास्कलने माझी बाही ओढली. “साहेब, थांबा ना जरा. तो हो म्हणतोय.”

मी थांबलो. मात्र सगळे लेखी, वारसांसकट, ही अट सोडली नाही.

“लिहा,” सांतान म्हणाला. “पण भाषा हिची वापरा. तुमची नको.”

ज्या परवानगीचा दाव्यात मी ठाम इन्कार केला होता, तीच तडजोडनाम्यात कायमची लिहून घेतली. कोर्टाने त्याप्रमाणे हुकूमनामा केला. फिलूच्या देखाव्याला मात्र ‘प्रवासाचे अंतर अपुरे’ म्हणून बक्षीस नाकारण्यात आले. त्याबद्दल मुख्याध्यापिकांना मी सविस्तर पत्रे लिहिली. उत्तर अद्याप आलेले नाही.

त्यानंतर रस्त्याचा दावा लावण्यापूर्वी मी जागेवर जाई आणि घरातल्या मुलांना विचारी, इथून तुम्ही कसे जाता. उत्तरे बहुतेक वेळा दाव्याला मारक असत. तरीही विचारीत असे.