होडी लागते ती बाजू

"बहिणी किती?"

जमीन विकायला आलेल्या माणसाला आक्का हा प्रश्न पहिला विचारायची. क्षेत्र, पाणी, भाव हे सगळं नंतर. पिठानं पांढरी झालेली बोटं पदराला पुसायची, मूठ पुढं धरायची आणि समोरचा बहिणी मोजेल तसं एकेक बोट उघडायची. मोजून होईपर्यंत त्याच्या तोंडावरची नजर हलवायची नाही.

एकदा कळंबचा एक जण म्हणाला, "एकच हाय, पर ती लई लांब दिलीया."

"लांब म्हंजी? तितं यष्टी जात न्हाय का?"

"जाती की."

"मग जाऊ की आपुन. सांगा गाव."

तो माणूस पुन्हा आला नाही. आक्का त्याच्या पाठीकडं बघत समाधानानं गिरणीचा पट्टा चढवत होती. मी बाकावर बसून हे पाहिलं आणि आपल्याला आपलं माणूस सापडलं असं मला वाटलं.

कारण मी क्षमाशील माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. बारामतीत माझं चष्म्याचं दुकान होतं. दुकान आवरून उजनीच्या पाण्याकाठी, जमलं तर पाण्यातल्या एखाद्या बेटावर, घर बांधायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. हट्ट मूळचा बायकोचा. भर रस्त्यावरच्या घरात तिचा जन्म हॉर्न ऐकण्यात गेला होता, आणि उरलेले दिवस तिला शांततेत काढायचे होते. पिंपळीला वडिलांची थोडी जमीन माझ्या नावावर असल्यानं शेतजमीन घ्यायला अडचण नव्हती. आम्ही उत्साहाच्या भरात बारामतीचं घर विकून भाड्याच्या खोल्यांत राहायला गेलो, आणि मग एजंट शोधायला लागलो. उलट करायला हवं होतं.

पहिला भेटला तो गोडबोल्या. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा, बोलण्यात दर वाक्याला "काका". त्यानं आम्हाला भर वैशाखात पाण्यालगतची काळीभोर सपाट जमीन दाखवली. इसार दिला. भाद्रपदात बायकोला जागा दाखवायला घेऊन गेलो, तर आमच्या जमिनीवर एक कोळी होडीत बसून जाळं टाकत होता. धरण भरलं की ती जमीन पाण्याखाली जाते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आम्हाला सोडून. त्या एजंटाचं नाव मी इथं लिहीत नाही, तेवढी सभ्यता माझ्यात आहे. पण दुकान बंद करेपर्यंत त्याच्या चष्म्याला लागणारा स्क्रू माझ्याकडं कधीच शिल्लक नव्हता.

मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं, "इंदापूरला गिरनीवाली आक्का हाय. भांडकुदळ हाय, पर खोटं बोलत न्हाय."

आक्काची पिठाची गिरणी हेच तिचं ऑफिस. पाटी नाही, कार्ड नाही. दळणाला येणाऱ्या बायका बोलत बसायच्या, आणि कुणाच्या वावरावरून कुणाची भांडणं चालली आहेत हे पिठाबरोबर तिथं बाहेर पडायचं. पण ऐकीव गोष्टीवर ती विसंबायची नाही. विकणाऱ्याच्या प्रत्येक बहिणीच्या घरी ती स्वतः जायची, घेणाऱ्याला सोबत घेऊन.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. दिवाळीला बहिणी माहेरी येतात. जेवणं होतात, साडी-चोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना जीपमध्ये घालून सह्या करायला नेतो. बहीण हक्क सोडते, कारण न सोडावा तर माहेर तुटतं. आक्काला ही रीत मोडायची होती. एकटीला, इंदापुरात बसून.

माझ्यासाठी तिनं आधी एक काठावरची जागा पाहिली होती. बायकोला पसंत पडली होती, भावही बसला होता. विकणाऱ्याची बहीण पणदऱ्याला दिलेली. आम्ही गेलो तेव्हा ती गोठ्यात धार काढत होती.

"दादा म्हनंल तसं," ती मान वर न करता म्हणाली.

"दादाला इचारलंय म्या. आता तुला इचारतीया."

आक्का तिथंच एका पोत्यावर बसली. धार संपली, दूध डेअरीला गेलं, शेण निघालं. शेवटी ती बाई आमच्याकडं न बघता, गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मला माझा वाटा पायजे."

झालं. जागा गेली. परत येताना मी आक्कावर चिडलो. तुला कुणाची बाजू घ्यायला आणलं होतं, असंही बोललो.

"पाव्हणं, तुमाला जागा पायजे का भांडान पायजे? आज न बोलता ती उंद्या बोलली असती, तवर तुमी घर बांदलं असतं," ती म्हणाली.

ती सगळ्या पुरुषांना "पाव्हणं" म्हणायची. दादा, भाऊ हे शब्द तिच्या तोंडात नव्हते. त्याचं कारण तिनंच सांगितलं, गिरणीची फरशी पुसता पुसता.

तिला एकच भाऊ, थोरला. वडील गेल्यावर त्यानं दिवाळीला बोलावलं, पुरणपोळी वाढली, हिरवी साडी दिली आणि काठावरच्या उसाच्या जमिनीवरून तिचं नाव काढून घेतलं. पुढं तिचा नवरा वारला. पोरबाळ नव्हतं, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. ती माहेरी गेली आणि गोठ्याशेजारची एक खोली मागितली. भाऊ ओट्यावर बसला होता. उठलाही नाही. "तुजं हितं काय ऱ्हायलंय?" म्हणाला.

"बरुबर हाय की त्येचं," आक्का म्हणाली. "काय ऱ्हायलं हुतं?"

तिच्या हातातलं फरशी पुसायचं फडकं हिरवं होतं. ती तीच साडी. तुकडे करून वर्षानुवर्षं ती पुरवून वापरत होती.

तेवढ्यात मला बेट सापडलं. म्हणजे बेटाचा मालक सापडला. पांढरी टोपी, कारखान्याचा सभासद, गावात मान. धरण भरलं तेव्हा त्यांच्या रानातलं एक टेकाड पाण्याच्या वर राहिलं होतं. इतकी वर्षं तिकडं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं; आता पक्षी बघायला शहरातली माणसं यायला लागली आणि टेकाडाला भाव आला. मी होडीतून जाऊन पाहून आलो. बायको तर वर चढून एका दगडावर बसली आणि उठायलाच तयार होईना. मी त्या माणसाला शिकल्याप्रमाणे विचारलं, बहिणी किती? "एकच हाय, तिला साडी-चोळी करून कवाच मोकळी केलीया," तो हसत म्हणाला.

मी आनंदानं गिरणीत गेलो आणि आक्काला मालकाचं नाव सांगितलं. तिनं गिरणी बंद केली. इतकी शांतता त्या जागेत मी पहिल्यांदाच ऐकली.

"ती बहीण म्या," ती म्हणाली. "सही केली ती उसाच्या रानाची. टेकाडाची सही मागायचं त्येला सुचलंच न्हाय. पान्यातलं टेकाड, त्येला जमीन कोन म्हनतंय?"

मग ती बराच वेळ हिशोब लावत बसली. तिला गप्प राहता आलं असतं. मला भावाशी व्यवहार करू द्यायचा आणि मागाहून दोघांना कोर्टात खेचायचं, हेही करता आलं असतं. माझ्यासारख्यानं नक्की केलं असतं. पण मी तिचं गिऱ्हाईक होतो.

"ही जागा घिऊ नका. माजी सही मिळनार न्हाय," ती म्हणाली. "तुमचं नुस्कान हुतंय, ते मला दिसतंय."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती आत जाऊन पडली. खोल्या सोडा म्हणून घरमालक मागं लागला होता आणि आम्हाला जायला जागा नव्हती.

चार दिवसांनी तो भाऊ गिरणीत आला. हातात पेढ्याचा पुडा आणि पिशवीत नवी साडी. मी बाकावर होतो.

"बाये, झालं गेलं जाऊ दे. आपुन रगताचं हाय."

"बसा पाव्हणं," आक्का म्हणाली. "दळान काय आनलंय?"

सख्ख्या भावाला पाव्हणं म्हटलेलं ऐकून दळणाच्या बायकांनी माना वळवल्या. त्याचा चेहरा पडलेला मी पोटभर पाहिला.

ती सही द्यायला तयार नव्हती. वाटप करायला तयार होती. आपल्यात वाट्याची पद्धत ठरलेली आहे: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. भर वैशाखात दोघं बेटावर गेले, सोबत मी. तेव्हा पाणी इतकं मागं हटलेलं असतं की बेट बेट राहत नाही. चिखल वाळून काठापासून पायवाट पडते. भावानं एका वाट्यात सगळी माती घातली आणि दुसऱ्यात नुसता खडक. आक्का मातीच उचलणार आणि मग आपण रडून अर्धी मागून घेऊ, असा त्याचा बेत असावा. आक्कानं खडक उचलला. भाऊ हसला. मीही कपाळाला हात लावला.

गिरणीत आल्यावर तिनं मला समजावलं. लहानपणी ती त्या टेकाडावर शेरडं राखायची. श्रावणापासून पुढं, पाणी चढलं की, तिथं तीन बाजूंनी चिलारीचं काटेरी रान आणि कमरेएवढा गाळ. होडी लागते ती एकाच बाजूला, खडकाला. भाऊ कधी पावसाळ्यात तिकडं गेलाच नव्हता. बायका होडीत शेरडं घालून जायच्या, पुरुष कशाला जातील?

भाद्रपदात ते त्याच्या ध्यानात आलं. तोवर त्यानं मातीत पेरूची रोपं लावली होती. वाट मिळावी म्हणून त्यानं तहसीलात अर्ज केला. जागा बघायला साहेब आले ते आक्काच्या खडकावरच उतरले, तिथंच चहा प्याले आणि परत गेले. अर्ज अजून तिथंच आहे म्हणतात. मग एके दिवशी तो माझ्याकडं आला. त्याचा वाटा मला अगदी पडत्या भावात देतो म्हणाला, फक्त आक्काला कळता कामा नये. माझ्या बायकोच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं नाही. त्याला दारातून परत पाठवताना मला जे सुख झालं, ते कुठल्याही जागेनं दिलं नसतं.

आक्काला हे कसं कळलं कोण जाणे. ती आमच्या खोलीवर आली, दारातच उभी राहिली. "खडकावर घर बांदनार का? इकनार न्हाय म्या. भाडेपट्टा करून देते. ऱ्हावा तुमी दोगं." बायको माझ्याकडं न बघताच हो म्हणाली.

तर असे आम्ही बेटावर आलो. एजंट शेवटी विश्वासू मिळाली. जागा मात्र माझी कधीच झाली नाही. दोन खोल्या बांधल्या. मी होडी वल्हवायला शिकलो. मोठी खिडकी पूर्वेला ठेवा असं गवंडी सांगत होता, ती मी हट्टानं पलीकडच्या काठाच्या बाजूला ठेवली. आक्काला विचारल्याशिवाय खडकावर उतरायची सोय नव्हती, म्हणून भाऊ बागेला यायला निघाला की तिथं येऊन उभा राहायचा आणि हाका मारायचा, "बाये, होडी धाड." तेवढं मला घरात बसून दिसायला हवं होतं.

रविवारी गिरणी बंद ठेवून आक्का बेटावर यायची. बायको तिच्या केसांतलं पीठ झाडून तेल लावायची, दोघी हळू आवाजात बोलत बसायच्या. काठावरून हाक आली की मी वल्हं उचलायचो.

"थांबा जरा," आक्का म्हणायची. "च्या हुंद्या."

चहा व्हायचा. मग पान व्हायचं. तो उन्हात उभा. मला वाटायचं, हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं. पण थोड्या वेळानं तिची चुळबूळ सुरू व्हायची.

"जावा आता. आन ह्ये बी न्या." फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा ती माझ्या हातात द्यायची. "उपाशी आला आसंल."

मला तिचा राग यायचा. सूड घ्यायचा तर नीट घ्यावा, भाकरी कशाला, असं मी एकदा बोललोही. "तुमी वल्हं मारा," ती म्हणाली.

शेवटच्या वर्षात तिचा दमा फार वाढला. इतकी वर्षं पीठ छातीत जात होतं. आपल्यामागं खडक भावाकडंच जाईल हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं चालत्या पायांनी जाऊन तो भावाच्या मुलीच्या नावावर करून दिला. त्या पोरीच्या सह्याही बापानं एका दिवाळीत घेऊन टाकल्या होत्या. आता बापाला आणि तिच्या दोन्ही भावांना बागेत जायचं तर तिला विचारावं लागतं. पोर आम्हाला म्हणाली, "काका, तुमी हाय तसं ऱ्हावा."

आक्का मार्गशीर्षात गेली. मला फार जड गेलं, अजून जातं. तिच्याइतकं मनासारखं भांडणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ काठावर आला. टोपी नव्हती, डोकं भादरलेलं. मी खिडकीत बसलो होतो. मग सवयीनं त्याच्या तोंडून हाक गेली, "बाये, होडी धाड." हाक मारून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण तो खाली बसला.

बायको आतून म्हणाली, "जा की. म्हातारा हाय त्यो."

मी चहा टाकायला सांगितला. सावकाश प्यालो. मग होडी सोडली. बायकोनं भाकरी फडक्यात बांधून दारात आणून ठेवली होती. ती मी तिथंच राहू दिली.